वेळेचा रोजमेळ

चार वडीलधारी मंडळी एकत्र जमली, की बोलणे फिरून फिरून एकाच विषयावर येते. तो विषय म्हणजे मुलांच्या हातातील मोबाईल. मुले जेवताना मान वर करीत नाहीत, घरी आलेल्या पाहुण्यांशी दोन शब्द बोलत नाहीत, मंदिरात आली तरी लक्ष खिशातील यंत्राकडे, अशी गाऱ्हाणी आम्ही नित्य ऐकतो. किंबहुना आम्हीही ती केली आहेत. परंतु गाऱ्हाणे हा उपाय नव्हे. व्यापाऱ्याने खोट कोठे आली हे आधी पाहावे व मग बोलावे.

प्रथम जमेची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. आम्ही बेळगावच्या रविवार पेठेत दुकानावर बसू लागलो, तेव्हा परगावचा भाव कळण्यासाठी ट्रंक कॉल लावून तासन्‌तास वाट पाहावी लागे. आज लातूरचा किंवा कलबुर्गीचा तुरीचा भाव क्षणात हाती येतो. 2016 साली यूपीआय आले आणि भाजीवालीपासून घाऊक पेढीपर्यंत देणेघेणे मोबाईलवर होऊ लागले. 2017 साली जीएसटी आला; त्याचे विवरणपत्र काय किंवा मालाचे ई-वे बिल काय, सारे याच मार्गाने होते आणि बहुतेक पेढ्यांत ते काम आपली मुले व सुनाच करतात. ज्या मुलास आपण दुपारी ‘पैसे जमा झाले का बघ’ म्हणतो, त्यालाच रात्री ‘मोबाईल फेकून दे’ म्हणणे न्यायाचे होत नाही.

नव्या साधनाचे भय आपल्या समाजास अपरिचित नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धर्मग्रंथ छापावेत की न छापावेत, यावर समाजात मोठा वाद माजला होता. छपाईने शास्त्राचा अविनय होतो, असे पुष्कळांस मनापासून वाटे. त्याच शतकाच्या अखेरीस सोलापूरचे व्यापारी शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी ‘जैन बोधक’ हे नियतकालिक चालवून छापखान्यास समाजाच्या कामास लावले. आज आपल्या घरोघरी छापील पोथीच आहे. साधन नवे म्हणून ते त्याज्य, हा विचार तेव्हाही टिकला नाही.

तथापि पोथीत आणि या यंत्रात एक मोठा भेद आहे. पोथी संपते. मोबाईलवरील चित्रफिती संपत नाहीत. एक सरते न सरते तोच दुसरी आपोआप पुढे येते. आपण व्यापारी आहोत; जेथे माल फुकट मिळतो, तेथे विकले काय जाते, हे आपणांस सांगावयास नको. तेथे आपल्या मुलांचे लक्ष जाहिरातदारांस विकले जाते. गिऱ्हाईक जितका वेळ दुकानात थांबेल तितका मालकाचा नफा. म्हणून ते दुकान कधी बंदच होत नाही.

याहून भयंकर प्रकार पैसे लावून खेळावयाच्या खेळांचा. आमच्या परिचयाच्या एका घरातील तरुणाने वसुलीची रक्कम अशा खेळात घालविली. बापास ती गोष्ट कळली, ती मालाची हुंडी परत आल्यावर. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्र सरकारने असे खेळ कायद्याने बंद केले, हे उत्तम झाले. पण कायदा दारापर्यंत येतो; घरातील राखण घरच्यांनीच करावयाची असते.

ती कशी करावी, हे आपल्या आचार्यांनी सांगून ठेवले आहे. श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंडव्रत आहे. विनाप्रयोजन केलेली कृती ती अनर्थदंड. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात त्याचे जे पाच प्रकार सांगितले, त्यांत दुःश्रुती, म्हणजे मन कलुषित करणारे ऐकणे, आणि प्रमादचर्या, म्हणजे निष्कारण चाळा, हे दोन आहेत. मोबाईलचा दुरुपयोग याहून नेमक्या शब्दांत कोणी सांगावा? त्याच ग्रंथात भोगोपभोगाची मर्यादा दोन प्रकारची सांगितली आहे: जन्मभराची तो यम, ठराविक काळाची तो नियम. आम्ही तरुणांकडे यम मागत नाही; नियम मागतो. सूर्यास्तानंतर तोंड बंद ठेवणाऱ्या घरांत डोळे मात्र मध्यरात्रीपर्यंत खात बसतात, ही विसंगती तरी दूर व्हावी.

नियम कठीण नाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 साली सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही व मोबाईल बंद ठेवण्याचे ठरविले. आपल्या बेळगावजवळच्या हलगा गावानेही 2024 च्या डिसेंबरात तसाच नियम केला. गाव करू शकते, तर घर का करू शकणार नाही? रात्री गाडी वाटेत अडली तर काय, असे कोणी विचारील. दुकानाचा एक फोन सुरू ठेवावा. तो वाजला तर घ्यावा, एरवी हाती धरू नये.

आणि प्रारंभ वडीलधाऱ्यांनी करावा. मोबाईल स्वतःच्या वापराची नोंद स्वतःच ठेवतो. एके रात्री आम्ही नातवास ती दाखवावयास सांगितली. त्याचे तीन तास भरले. तो शांतपणे म्हणाला, “आजोबा, आता तुमचे दाखवा.” आमचे अडीच तास निघाले, त्यांत दुकानाचे काम अर्ध्या तासाचेही नव्हते. आम्ही निरुत्तर झालो. ज्या पेढीत मालकच उचल लिहीत नाही, तेथे मुनीमाने तरी का लिहावी?

तेव्हापासून आमच्या घरी रात्री गल्ल्याच्या रोजमेळानंतर वेळेचा रोजमेळ वाचला जातो. प्रथम आमचा, मग मुलांचा. कोणी कोणास रागे भरत नाही. शिल्लक कमी पडली की ती ज्याची त्यास दिसते. नातवाचे तीन तास दीडावर आले आहेत; आमचे अजून त्याच्याहून थोडे अधिकच आहेत, हे कबूल केले पाहिजे.

सभासद बंधुभगिनींनी येत्या पर्युषणात दहा दिवस हा प्रयोग आपापल्या घरी करून पाहावा, एवढेच आमचे नम्र निवेदन. गेलेला पैसा पुढील हंगामात परत येतो. गेलेली वेळ कोणत्याही खात्यावर जमा होत नाही. जय जिनेंद्र.