उपाय जुना, वाट लांब

सात-आठ महिन्यांचे धडधाकट मूल एकाएकी किंचाळून रडू लागते, पाय पोटाशी ओढते, पांढरेफटक पडते. दोन-चार मिनिटांत कळ ओसरते, मूल निपचित होते, आईला हायसे वाटते. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तीच कळ. कोणी म्हणते दृष्ट लागली, कोणी म्हणते दात येताहेत. एरंडेल पाजले जाते. मेळघाटात तर पोट फुगलेल्या तान्ह्या मुलांच्या पोटावर तापल्या विळ्याचे चटके दिल्याच्या घटना अलीकडच्या वर्षांतही घडल्या आहेत.

आत घडते ते असे: दुर्बिणीची एक नळी दुसरीत सरकावी तसा आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरतो. बरोबर ओढल्या गेलेल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि अन्नाची वाट बंद होते. उलटी आधी दुधाची, पुढे हिरवी होते. शेवटी शौचावाटे रक्तमिश्रित शेंब पडते. हे रक्त पाहून 'आव' ठरवली जाते, औषध दिले जाते आणि मोलाचा दिवस हातचा जातो. वस्तुतः रक्त हे उशिराचे लक्षण होय. त्याची वाट पाहत बसणे म्हणजे आतडे कुजण्याची वाट पाहणे.

नवजात बालकाची गोष्ट याहून निकडीची. त्याला हिरवी उलटी झाली तर आतड्याला पीळ पडला असण्याची शंका घेऊन त्याच घटकेला रुग्णालय गाठले पाहिजे. पहिल्या 24 तासांत काळी शी झाली नाही, तरीही तपासणी हवी.

या व्याधीवर उपाय नाही असे नाही. सोनोग्राफीने निदान पक्के होते. तोंडाने काही न देता शिरेतून सलाईन चालू करतात आणि गुदद्वारावाटे हवेच्या वा पाण्याच्या नियंत्रित दाबाने शिरलेले आतडे मागे सारतात. वेळेवर आलेल्या बहुसंख्य मुलांना सुरी लावावी लागत नाही. आतडे फाटले वा कुजले असेल, किंवा दाबाने सुटले नाही, तर मात्र शस्त्रक्रिया अटळ ठरते. पाण्याच्या दाबाची ही रीत कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हिर्शस्प्रुंग यांनी 1876 साली मांडली. दीडशे वर्षांचा उपाय आजही पाड्यावरच्या आईपासून एसटीच्या दोन गाड्या आणि एका दिवसाच्या मजुरीइतका दूर असावा, ही आमच्या आरोग्यव्यवस्थेची खरी कहाणी आहे.

शहरातल्या सुखवस्तू घरातले मूल दुपारी रडू लागले तर संध्याकाळपर्यंत तज्ज्ञाच्या हाती पडते. शेतमजुराच्या मुलाचे आतडेही तितकेच तास तग धरते. निसर्गाने येथे भेद केलेला नाही. भेद रस्त्याचा, यंत्राचा आणि रिकाम्या ठेवलेल्या पदांचा आहे. म्हणून प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात अहोरात्र सोनोग्राफी आणि प्रत्येक जिल्ह्यात बालशल्यचिकित्सक ही मागणी आपण वेतनाच्या मागणीइतक्याच निकराने लढवली पाहिजे.

तोवर कार्यकर्त्यांच्या हाती एक काम आहे. थांबून थांबून येणारी कळ, हिरवी उलटी आणि मलूल पडलेले मूल ही चिन्हे वस्तीतल्या प्रत्येक आईला आणि आजीला सांगा. अशा मुलाला एरंडेल नको, गुटी नको, डागणी तर नकोच. 108 ला फोन करा. पहिल्या डॉक्टरने 'उद्या पाहू' म्हटले आणि कळा थांबल्या नाहीत, तर त्याच रात्री मोठ्या रुग्णालयाची वाट धरा. उद्यापर्यंत थांबण्याइतका वेळ त्या मुलापाशी नसतो.