तुकडा पास, डोंगर नापास!

मी पडले कॉन्व्हेंटवाली. 'जॉइंट'ला मराठीत 'सांधा' म्हणतात, हे इथे येऊन कळलं. पण या सांध्यांवरून मला जरा भांडायचंय, मित्रांनो.

लॅबमध्ये आपण बेसॉल्टचा अखंड कोअर निवडतो, दाबतो, मॉड्युलस काढतो, की जर्नल सबमिट! मोडके तुकडे कचऱ्यात. पण डोंगर अखंड असतो का? भार आला की आधी सांधे मिटतात. त्यांत चिकणमाती असेल आणि तिचा थर सांध्याच्या खडबडीतपणापेक्षा जाड असेल, तर दगड दगडाला टेकतच नाही. किती दबायचं ते माती ठरवते. पाणी मुरलं की ती आणखी मऊ. म्हणून डोंगरातल्या खडकाचा मॉड्युलस कोअरपेक्षा बऱ्याचदा कितीतरी कमी भरतो.

फ्रान्सचं मालपासे धरण २ डिसेंबर १९५९ ला फुटलं. ४०० हून जास्त माणसं गेली. काँक्रीट चांगलं होतं. दगा दिला तो डाव्या तीरावरच्या भेगाळ खडकाने.

आपल्या सह्याद्रीतही बेसॉल्टच्या थरांमध्ये लाल, मऊ 'रेड बोल' सापडतो. मग निदान एक प्रॅक्टिकल खाणीत का नको? टेप आणि होकायंत्र घेऊन सांधे मोजू, त्यातली माती बोटांनी चोळून बघू. सर, घ्या ना मनावर!