सूर जपायचा की मूळ घडण?

१९६१मध्ये गिब्सन कंपनीनं आपल्या ‘लेस पॉल’ गिटारचं रूप पार पालटलं. खप घसरला होता. जाड, वजनदार अंग जाऊन पातळ महोगनीचं, दोन टोकदार शिंगांचं अंग आलं. जिला त्यांचं नाव होतं, त्या गिटारवादक लेस पॉल यांनाच ते रुचलं नाही. तरी १९६३पर्यंत गिटारवर नाव त्यांचंच राहिलं, मग तिला ‘एसजी’ म्हणू लागले. नाव जुनं, अंग नवं अशा या मोजक्या वर्षांतल्या गिटारींवर वादक आणि संग्राहक दोघांचाही जीव. पण एका सुट्या भागावरून त्यांचं बिनसतं.

तो भाग म्हणजे आडवा व्हायब्रोला. सूर लहरवण्याचा दांडा एरवी खाली दाबतात. इथे तो अंगाला समांतर, आडवा ओढायचा. हाताला ते वळणच नाही. शिवाय दांडा सोडल्यावर तारा पहिल्या सुरावर नेमक्या येतीलच याचा भरवसा नाही. म्हणून कित्येकांनी तो उतरवला आणि लाकडात भोकं पाडून तारा अडकवायचा स्थिर टेलपीस बसवला.

त्यांना दोष देणं मला जमत नाही. १९६४मध्ये मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनात गॉस्पेल गायिका सिस्टर रोझेटा थार्प गायल्या, तेव्हा त्यांच्या गळ्यात याच घडणीची पांढरी, तीन पिकअपची गिटार होती. श्रोते समोरच्या फलाटावर, हवा पावसाळी. ही वाद्यं अशी राबण्यासाठीच घडली होती, कपाटासाठी नव्हे.

तरीही संग्राहकांचं एक म्हणणं मला जड वाटतं: पाडलेलं भोक परत फिरत नाही. कंपनी चाचपडत होती, याचा पुरावा त्या फसलेल्या यंत्रणेतच आहे. मानेच्या सांध्याची गोष्ट वेगळी. बावीसच्या बावीस पडदे मोकळे ठेवण्याच्या हट्टात तिथे लाकूड कमी उरलं, सांधा नाजूक झाला. तो निखळला तर जोडायलाच हवा, त्यात मूळपणाचा प्रश्न येत नाही. व्हायब्रोला मात्र न वापरता जागेवर ठेवता येतो. तारांच्या खाचा नीट घासून घेतल्या आणि दांड्याला हात लावला नाही, तर सुराची बरीचशी तक्रार मिटते.

म्हणून आजवर अभंग राहिलेल्या गिटारीला आता ड्रिल लावू नये. ज्यांना भोकं आधीच पडली आहेत, त्यांची भोकं बुजवून, रंग चढवून ‘मूळ’ म्हणून विकण्याचा खटाटोपही नको. त्या तुलनेनं स्वस्त मिळतात. रोज वाजवणाऱ्यानं त्याच घ्याव्यात.