आशीर्वादाचा क्यूआर कोड

चौकातला धर्म / हुडकेश्वरकर

नागपुरात म्हाळगीनगर चौकातून हुडकेश्वरकडे वळताना विजेच्या खांबाला एक फ्लेक्स बांधलाय. फ्लेक्सबद्दलची माझी मतं वाचकांना पाठ आहेत, म्हणून आकार आणि परवानगी हे विषय आज सोडतो. मजकूर मात्र सोडवत नाही. मधोमध सुटाबुटातले प्रवचनकार, हातात बायबल, मागे सोनेरी किरणं. वर ठळक अक्षरांत ‘आर्थिक बंधनातून मुक्ती’. खाली यादी: कर्ज, कोर्टकेस, प्लॉट, परदेशगमन. आणि उजव्या कोपऱ्यात क्यूआर कोड. सुवार्ता आता स्कॅन करून मिळते.

गणपतीच्या सोन्याच्या मुकुटावर मी लिहिलं तेव्हा ‘कधी तुमच्या चर्चमधलंही लिहा ना’ अशी पत्रं आली होती. घ्या, लिहितो.

फ्लेक्सवरच्या त्या सभेच्या मंडपात गेलो आणि मागच्या खुर्चीवर बसलो. गाणी छान झाली, कीबोर्डवाला पोरगा तर खरोखर गुणी. मग प्रवचन. मत्तयाच्या तेराव्या अध्यायातला दाखला घेतला होता. एका माणसाला शेतात गाडलेली ठेव सापडते. तो ती पुन्हा पुरतो, घरी जाऊन होतं नव्हतं ते सगळं विकतो आणि ते शेत विकत घेतो. संडे स्कूलच्या पोरांनाही ठाऊक आहे की ती ठेव म्हणजे स्वर्गाचं राज्य. मंचावरून अर्थ निघाला तो असा: तुम्ही जमीन घ्यावी अशी देवाची योजना आहे. टाळ्या!

हुडकेश्वरात या अर्थाला टाळ्या पडणार नाहीत तर कुठे पडणार? २०१३ मध्ये आपण नरसाळ्यासकट महापालिकेत आलो. त्याच्या कितीतरी आधीपासून इथली शेतं दोरी लावून कापली जात होती. ५७२ आणि १९०० हे अनधिकृत ले-आउटचे आकडे नागपुरात पाढ्यांसारखे पाठ आहेत. गुंठेवारीचा कायदा २००१ चा, तरीही आर.एल.साठी, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याच्या पत्रासाठी, नागपूर सुधार प्रन्यासच्या पायऱ्या झिजवणारी माणसं आजही दर गल्लीत सापडतात. देव प्लॉट देतो म्हटल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या तर त्यांचं काय चुकलं? आर.एल. देव देतो की नाही, एवढंच विचारायचं राहिलं.

दाखल्यातला माणूस आधी सगळं विकतो. तेवढा भाग वक्त्यांनी घाईत उरकला.

त्यानंतर बी आलं. ‘देवाच्या राज्यात बी पेरा, शंभरपट उगवेल.’ बी म्हणजे पैसे, आणि पेरायची जागा म्हणजे तो क्यूआर कोड. हे बियाणं अमेरिकन आहे. ओक्लाहोमातल्या टल्सा शहराचे ओरल रॉबर्ट्स यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात ते टीव्हीवरून घरोघरी पोचवलं. १९८७ मध्ये याच रॉबर्ट्सनी जाहीर केलं होतं की मार्चअखेर ऐंशी लाख डॉलर जमले नाहीत तर देव आपल्याला वर बोलावून घेईल. पैसे जमले, देवानं मुदत वाढवून दिली. विदर्भातल्या माणसासमोर उभं राहून बियाण्याची ग्यारंटी द्यायला मात्र वेगळंच धाडस लागतं. ज्याच्या घरी दुबार पेरणी झाली आहे, ज्यानं बोगस बियाण्याची पाकिटं कृषी अधिकाऱ्याच्या टेबलावर आपटली आहेत, त्याला शंभरपट उगवण सांगता? पेरणाऱ्याचा दाखलासुद्धा त्याच तेराव्या अध्यायात आहे. त्यात चार ठिकाणी पडलेल्या बियांपैकी तीन ठिकाणचं वाया जातं. येशूला शेती कळत होती.

आणि जमिनीवरच बोलायचं होतं तर लूकचा बारावा अध्याय का नाही काढला? तिथे गर्दीतला एक माणूस येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वाटणी द्यायला सांगा. कुठल्याही तलाठी कार्यालयाबाहेर ऐकू येणारं वाक्य. येशू चक्क नकार देतो, मी तुमचा वाटणीदार नाही म्हणतो, आणि उलट त्या शेतकऱ्याची गोष्ट सांगतो ज्याला बंपर पीक येतं, जो जुनी कोठारं पाडून मोठी बांधायचा बेत करतो आणि त्याच रात्री मरतो. ही गोष्ट फ्लेक्सवर बसत नाही.

तरी मला खरा राग आला तो साक्षी सुरू झाल्या तेव्हा. एकजण उठून म्हणाला, प्रभूकडे आलो आणि गाडी आली. दुसरी बाई म्हणाली, प्रभूकडे आल्यावर सासऱ्यांनी घर नावावर केलं. लोक ‘हालेलुया’ म्हणत होते आणि मला रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवत होते.

टिळक म्हटलं की लोकांना अहमदनगर आठवतं. पण त्यांची गोष्ट वळली ती आपल्या नागपुरात. १८९१ च्या सुमारास ते इथे होते. आप्पासाहेब बुटींसारख्या धनिकाचा आश्रय, हाताशी संस्कृत ग्रंथांचं काम, ‘ऋषी’ नावाचं मासिक. बुद्धी अफाट आणि पाय एका जागी न टिकणारे. १८९३ मध्ये ते राजनांदगावच्या नोकरीसाठी निघाले ते नागपूरहून आगगाडीनं. डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला. बोलणं झालं, आणि उतरण्याआधी त्यानं टिळकांच्या हातात नवा करार ठेवला. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असंही म्हणाला. टिळक तेव्हा हसले असतील. पण १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

आता त्या डब्यातला व्यवहार आणि आपल्या मंडपातला व्यवहार शेजारी ठेवून बघा. त्या गोऱ्यानं टिळकांना नोकरी देऊ केली नाही, कर्ज फेडतो म्हणाला नाही. पुस्तक दिलं, आणि पुस्तकाचे पैसेही मागितले नाहीत. टिळकांना त्या पुस्तकातली जी पानं सोडवेनात ती डोंगरावरच्या प्रवचनाची, मत्तय पाच ते सात. त्यातल्या मधल्या अध्यायात काय आहे? पृथ्वीवर साठवलेल्याला कसर लागते, जंग चढतो, चोर घर फोडून नेतात. देव आणि धन अशा दोन धन्यांची चाकरी एकाला जमत नाही. (चोरांबद्दल नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. तिसरे रघुजी १८५३ च्या डिसेंबरात वारले आणि पुढच्याच वर्षी इंग्रज सरकारनं राज्य खालसा केलं आणि मग भोसल्यांचं जवाहीर कलकत्त्याला लिलावात काढलं. पहिल्या रघुजींची तलवार २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून सोडवून आणायला आपल्या सरकारला ४७ लाखांच्या आसपास मोजावे लागले. कसर आणि जंग परवडले.) म्हणजे टिळकांना खेचून नेलं ते अशा मजकुरानं, ज्यात गाडी-घराचं आमिष नावालाही नाही.

आणि झालंही तसंच. बाप्तिस्म्यानंतर त्यांना काय मिळालं याची साक्ष कोणी त्या मंडपात द्यायला हवी होती. जात गेली. सोयरे तुटले. बायको लक्ष्मीबाई आणि मुलगा पुढची काही वर्षं दूर राहिले. मग नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम मिळालं आणि बेताचा पगार सुरू झाला. लक्ष्मीबाई परतल्या, त्यांनीही पुढे बाप्तिस्मा घेतला, संसार पुन्हा उभा राहिला. आणि १९१७ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, टिळकांनी तो पगारही सोडला. मिशनच्या पैशावर उभा असलेला धर्म या मातीत रुजणार नाही असं त्यांना वाटायला लागलं होतं. साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला, बाप्तिस्मा झालेल्यांना आणि न झालेल्यांनाही दार उघडं. ९ मे १९१९ रोजी ते गेले. देव एका हातानं देतो असं म्हणायचं तर टिळकांच्या बाबतीत तो हात बराच आखडता होता, आणि त्यांची तक्रार नव्हती.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते आमच्या मंडळींना झोंबेल. दीडशे वर्षांहून जास्त काळ आमच्यावर एक आरोप होतोय, की हे लोक पैशासाठी बाटले. दुष्काळात धान्यासाठी, शिक्षणासाठी, मिशनच्या बंगल्यासाठी. आरोप करणाऱ्यांना टिळक अडचणीचे होते, कारण त्यांच्या खात्यात सगळा खर्चच होता. असे कित्येक साधे पाळक आणि मास्तरणी खेड्यापाड्यांत तुटपुंज्यावर राबून गेल्या. त्यांच्या आयुष्यांनी जो आरोप खोडून काढला तो आता आमचाच माणूस स्वखर्चानं फ्लेक्सवर छापतोय, सोनेरी किरणांसकट. ख्रिस्ती व्हा, प्लॉट मिळेल. विरोधकांनी यापेक्षा वेगळं काय म्हटलं होतं?

पण टिळकांना देव्हाऱ्यात बसवायच्या आधी लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र, ‘स्मृतिचित्रे’, उघडा. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याच्या वैराग्याचा जमाखर्च इतक्या हसतमुखानं मांडलाय की आपण हसतो आणि मग लाज वाटते. घरात दाणा नाही म्हणून बाजारात पाठवावं तर टिळक शोभेची दौत घेऊन येणार. रस्त्यात कोणी गरजू दिसला की खिसा रिकामा. अनाथ पोरं घरी आणायची, तोंडं वाढायची, पगार तेवढाच. स्वर्गातल्या ठेवीचं खातं टिळकांच्या नावावर आणि वाण्याची उधारी लक्ष्मीबाईंच्या. संतांच्या बायकांवर आपल्याकडे कोणी प्रवचन करत नाही, याबद्दल मी पूर्वी लिहिलंय आणि पुन्हाही लिहीन. तुकोबांच्या आवलीला तर आपण कजाग ठरवून मोकळे झालो. लक्ष्मीबाई निदान लिहून गेल्या. नवऱ्याच्या देण्यात त्यांचा वाटा होता, तो न विचारता घेतलेला होता, आणि तरी त्या पोरांना त्यांनी पोटाशी धरलं. मला विचाराल तर त्या घरातलं खरं धन तेच. टिळकांना देताना आनंद व्हायचा. लक्ष्मीबाईंना दिल्यावर उद्याची भाजी शोधावी लागायची.

म्हणून मंडपात बसलेल्यांवर हसायला मी तयार नाही. पौलानं तीमथ्याला लिहिलंय ते पैशाच्या लोभाबद्दल, आणि लोक मात्र पैसा हेच सगळ्या वाईटाचं मूळ असं ऐकवतात. हजार फुटांवर विटांच्या दोन खोल्या, टिनाचं छत, उन्हाळ्यात टँकर, असं ज्याचं जगणं आहे त्याला पक्कं घर हवंसं वाटणं हा लोभ कसा? येशूचे कडक शब्द ज्यांच्यासाठी होते त्यांची कोठारं आधीच भरलेली होती. जक्कय त्याला भेटला तेव्हा त्याच्याकडे भरपूर होतं, आणि भेटीनंतर अर्धं गरिबांना गेलं, लुबाडलेलं चौपट परत. श्रीमंत माणूस येशूला भेटून हलका झाल्याची ही गोष्ट मला मंचावरून ऐकायला आवडेल. तिथल्या महागड्या गाडीकडे पाहता वक्त्यांना त्या गोष्टीची तयारी करायला फारसं लांब जावं लागणार नाही.

आणि आमची जुनी, दगडी चर्चं? आम्ही सदरला बसून या मंडपांना नाकं मुरडतो. पण ज्याचा हप्ता थकलाय तो आमच्याकडे आला तर आम्ही त्याला काय देतो? वर्गणीची आठवण. मिशननं मागे ठेवलेल्या जमिनींवरून ठिकठिकाणी जे दावे चालू आहेत त्यांचे कागद एकावर एक ठेवले तर मनोरा होईल. फ्लेक्सवाल्यांना निदान हे कळलंय की माणसाला रात्री झोप कशामुळे लागत नाही. आमच्या रविवारच्या उपासनेत कर्ज ऐकू येतं ते फक्त प्रभूच्या प्रार्थनेत, तेही ‘ऋण’ म्हणून.

माझ्या गल्लीतला एक पोरगा मिहानमध्ये सिक्युरिटीत आहे. त्यानं त्या कोडवर एकवीसशे रुपये टाकले. अर्धा महिना उलटला. प्लॉटचा हप्ता थकलेलाच आहे, आणि मंडपातून आता रोज व्हॉट्सॲपवर विश्वास वाढवायचे संदेश येतात. मी त्याला म्हटलं, पावती माग. नोंदणीकृत ट्रस्ट असेल तर पावती द्यावी लागते, हिशोब धर्मादाय आयुक्तांकडे जातो. त्यानं फोन केला. काल संध्याकाळी त्याची बायको फाटकाशी आली.

“सर, पावती मांगतली तं म्हणे वर नोंद झाली.”

“मग?”

“मी म्हटलं, वरच नोंद होते तं पैसे खाली कायले मांगता? तं फोनच कापला त्यायनं.”

ती धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाचा पत्ता विचारायला आली होती. लिहून दिला.