टोनचं सोवळं

गिटारवाल्यांनी आवाजाच्या दोन जाती केल्यात. एक 'क्लीन', दुसरी 'डर्टी'. हे शब्द माझ्या पदरचे नाहीत. अ‍ॅम्पच्या बटणाखाली 'क्लीन' असं छापलेलं असतं आणि फाटका आवाज काढणाऱ्या पेडलांना जगभरची पोरं सरळ 'डर्ट' म्हणतात. म्हणजे एक स्वच्छ, दुसरा घाणेरडा. असले शब्द कानावर आले की आपण कान टवकारलेच पाहिजेत. घाण कोण ठरवतो आणि कशासाठी ठरवतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

तर दोस्तांनो, मी डर्टीवाला. मी गोदीत गँगमध्ये काम करतो, कविता लिहितो, दहावी पास आहे आणि माझ्याकडे टेलिकास्टरची एक सेकंडहँड नक्कल आहे. एवढ्या भांडवलावर बोलतोय. टोनवर बोलायला लाखाची गिटार लागते असं ज्याला वाटतं, त्याने खुशाल पान उलटावं.

आधी घाण म्हणजे काय ते बघू. गिटारीची तार लोखंडी. तिच्याखाली चुंबक आणि चुंबकाभोवती तांब्याच्या केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे. याला म्हणतात पिकअप. तार हलली की वेढ्यांत वीज हलते, ती अ‍ॅम्पमध्ये जाऊन मोठी होते. अ‍ॅम्पला झेपेल एवढंच मागितलं तर आवाज क्लीन. झेपेल त्यापेक्षा जास्त मागितलं तर लाटेचे माथे छाटले जातात आणि मूळ सुरात नसलेले वरचे सूर त्यातून बाहेर पडतात. बस्स, एवढीच ती घाण. झेपेनासं ओझं टाकल्यावर अंगातून जो आवाज निघतो तो. पाठीवर पन्नास किलोची गोणी घेऊन फळीवरून चालणाऱ्याच्या छातीतला आवाज ज्याने ऐकलाय, त्याला हा आवाज परका वाटायचा नाही.

आणि हा आवाज कुठल्या पंडिताने शोधला? १९५१ साली मेम्फिसमध्ये आइक टर्नरच्या बँडने 'रॉकेट ८८' रेकॉर्ड केलं. गिटारवर होता विली किझार्ट. वाटेत त्याच्या अ‍ॅम्पची वाट लागली, स्पीकर फाटला. स्टुडिओत त्या फाटक्या स्पीकरमध्ये कागद कोंबला आणि तसंच वाजवलं. सात वर्षांनी, १९५८ मध्ये, लिंक रे या गिटारवाल्याचं 'रंबल' आलं. त्याने तर आपल्या हाताने पेन्सिलीने स्पीकरला भोकं पाडली होती. 'रंबल'मध्ये एक शब्द नाही, नुसती गिटार. तरी अमेरिकेतल्या काही रेडिओ स्टेशनांनी त्याच्यावर बंदी घातली! पोरं मारामाऱ्या करतील म्हणे. कवी म्हणून मला या माणसाचा हेवा वाटतो. आपल्या कवितेवर बंदी यायला निदान शब्द तरी लागतात.

टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वय सतरा. नोकरीच्या शेवटच्या दिवशी मशीनने उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं खाल्ली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं लावलं, हलक्या तारा चढवल्या. पुढे १९७१ च्या ब्लॅक सॅबथच्या रेकॉर्डवर तारा आणखी सैल करून सूर खाली नेला. आज ज्याला हेवी मेटल म्हणतात त्याचा तो काळाकुट्ट जड आवाज असा तुटलेल्या बोटांतून आला. कारखान्याने बोटं घेतली, त्याने आवाज काढून दाखवला. गोदीत बोटं गेलेली माणसं मी रोज बघतो, म्हणून हे मला नुसतं संगीत वाटत नाही.

आता गिटारीच्या घडणीबद्दल. माझी आवड टेलिकास्टर. १९५० साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात लिओ फेंडरने ती बाजारात आणली. हा माणूस रेडिओ दुरुस्त करणारा, स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याने काय केलं? सपाट लाकडाची फळी कापली, तिला चार स्क्रूने नेक ठोकली, दोन पिकअप बसवले. खलास! नेक वाकडी झाली तर स्क्रू काढा, दुसरी लावा. गिब्सनच्या लेस पॉलमध्ये नेक सरसाने चिकटवलेली असते. मोडली तर कारागिराच्या पायरीवर बसा. टेलिकास्टरच्या कडा बरगड्यांना टोचतात म्हणून वाजवणाऱ्यांनी कुरकुर केली, आणि १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरला फेंडरने कमरेसारखे बाक दिले. देखणी आहे स्ट्रॅट. पण मला ती चौकोनी फळीच बरी. तिच्या ब्रिजजवळच्या पिकअपचा आवाज पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा येतो, गर्दीतून वाट काढतो.

आणखी एक गोष्ट. जुन्या फेंडरचे ते चार स्क्रू काढले की नेकच्या टोकाला कधी कधी पेन्सिलीने तारीख आणि 'टीजी' लिहिलेलं सापडतं. म्हणजे टॅडेओ गोमेझ, नेक घासून आकार देणारा कामगार. तिथेच अबिगेल इबारा ही बाई १९५० च्या दशकापासून पिकअपची तार गुंडाळत होती. आज तिच्या हातच्या पिकअपवर लोक जीव टाकतात. ज्याला टोन टोन म्हणून कपाळी लावतात तो या बाईच्या बोटांत होता. वरती मालकाचं नाव चकचकीत, कामगाराचं नाव सांध्यात दडलेलं.

आता सोवळेवाल्यांकडे वळू. त्यांचं दैवत म्हणजे १९५९ ची लेस पॉल. आज तिची किंमत काही लाख डॉलर. पण त्या काळी ती खपत नव्हती, म्हणून १९६० नंतर गिब्सनने ते मॉडेलच बंद केलं! पुढे इंग्लंडच्या पोरांनी ती जुन्या बाजारातून उचलून अ‍ॅम्प फाटेस्तोवर वाजवली, तेव्हा ती पवित्र झाली. म्हणजे पावित्र्य मागाहून चिकटवलेलं. सगळीकडे तसंच असतं.

याहून मोठी भंकस म्हणजे 'रेलिक'. १९९० च्या दशकात फेंडरच्या कस्टम शॉपने कोरी गिटार मुद्दाम घासून, रंग उडवून, पत्रा गंजवून विकायला काढली. कोऱ्यापेक्षा भाव जास्त. च्यायला, माझ्या हातमोज्याला भोक पडलं तर मुकादम तोंड वाकडं करतो, आणि यांना न केलेल्या कष्टाचे डाग विकत पाहिजेत! एका दुकानात मी गिटार मागितली तर विकणाऱ्याने आधी माझे हात बघितले. भिंतीवर मात्र फाटक्या रंगाची गिटार काचेच्या कपाटात, कुलुपात. घट्टे गिटारीवर चालतात, माणसाच्या हातावर चालत नाहीत.

माझं भांडण क्लीन आवाजाशी नाही. स्टीव्ह क्रॉपरने टेलिकास्टरवर मोजून चार सूर टाकले तरी गाणं उभं राहतं. गिब्सनशीही भांडण नाही. सिस्टर रोझेटा थार्पच्या गळ्यात गिब्सनच होती, पांढरी, तीन पिकअपची, दोन शिंगांची. १९६४ साली मँचेस्टरच्या बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवर, पावसाळी हवेत, कोट घालून ही काळी बाई उभी राहिली आणि अशी वाजली की गोऱ्या पोरांनी फक्त बघत राहावं. १९७३ ला ती गेली तेव्हा थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता. तो बसायला पस्तीसेक वर्षं लागली. रॉकच्या मानकऱ्यांच्या यादीत तिला घेतलं २०१८ ला. भांडण आहे ते या उशिराशी.

आणि आपल्या कानाचं काय? आपल्या वस्तीतल्या मिरवणुकीत जो बेंजो वाजतो तो खरं म्हणजे बुलबुल तरंग. जपानच्या नागोयात १९१२ साली निघालेल्या ताइशोगोतोचा वारस. टाइपरायटरसारखी बटणं, लोखंडी तारा. आपल्या पोरांनी त्याला पिकअप लावला, भोंग्याला जोडला आणि रस्त्यावर आणला. तो भोंगा आवाज फाडतो, तीच आपली डर्ट. मडी वॉटर्स मिसिसिपीच्या मळ्यातून १९४३ ला शिकागोला आला, कागदाच्या कारखान्यात राबला. क्लबातल्या गलक्यात साधी गिटार ऐकू येईना म्हणून त्याने विजेची धरली. आपल्या बापजाद्यांनी गाव सोडून मुंबईच्या गलक्यात जे केलं ते याहून वेगळं नव्हतं. माझा कान त्या भोंग्याखाली घडला. टेलिकास्टर मला आवडली ती त्या कानाला.

तेव्हा पोरांनो, लाकूड कुठल्या झाडाचं, वार्निश कुठल्या सालचं, हे वाद त्यांचे त्यांना घालू द्या. स्वस्तातली नक्कल घ्या, चार स्क्रू काढा, आत काय आहे ते बघा, तोडा, जोडा. स्पीकर फाटला तर फेकायच्या आधी एकदा वाजवून बघा.