माल टांगून ठेवण्याची ऐपत

ज्वारी खळ्यावर आली की पंधरा दिवसांत ती अडत्याच्या ओट्यावर जाऊन पडते. कापूस तर वेचणीची मजुरी चुकवण्यासाठीच विकावा लागतो. थांबलो तर चार पैसे जास्त मिळतील हे कळत नाही असे नाही. पण सोसायटीचा हप्ता थांबत नाही, कृषी केंद्रवाल्याची उधारी थांबत नाही, लेकीचे लग्न थांबत नाही. हे रडगाणे आम्हीच सभांतून इतक्या वेळा गायिले आहे की आता आम्हालाही त्याचा कंटाळा आला आहे. म्हणून या अंकात एका परमुलखातल्या धंद्याचा हिशेब मांडतो. थांबणे हाच तो धंदा आहे. मुलूख स्पेनचा आणि माल डुकराच्या मांडीचा. माळकरी वाचकांनी क्षमा करावी. खा म्हणत नाही, हिशेब पाहा म्हणतो.

सालामांका घ्या किंवा सेव्हिल घ्या, स्पेनच्या जुन्या शहरांत अशी घरगुती दुकाने आढळतात. छताला खुरासकट मांड्या उलट्या टांगलेल्या, प्रत्येकीच्या खाली गळणारी चरबी झेलायला एक लहानशी वाटी. मिठात मुरवून वाळवलेल्या या मांडीला तिकडे हामोन म्हणतात. बाप लांब, लवलवत्या सुरीने कागदासारख्या चकत्या काढतो, आई गल्ला आणि वही सांभाळते, पोरगा बाहेरगावच्या ऑर्डरी बांधतो. जोडीला मेंढीच्या दुधाचे मांचेगो चीज, ऑलिव्हचे तेल, केशर आणि चोरिथो, म्हणजे मांस, चरबी आणि लाल तिखट आतड्यात भरून वाळवलेला प्रकार. तिखटाची गोष्ट जाता जाता सांगण्यासारखी आहे. एस्त्रेमादुरा प्रांतातल्या ला वेरा खोऱ्यात मिरची तोडायला आणि पाऊस यायला एकच गाठ पडते. तिथल्या शेतकऱ्यांनी ओकच्या लाकडाच्या धुरावर दहा-पंधरा दिवस मिरची वाळवायची रीत काढली. अडचणीतून काढलेल्या त्या रीतीची चव हीच आज त्या तिखटाची ओळख आहे, आणि तिला कायद्याचा शिक्का आहे.

आता मूळ माल कुठून येतो ते पाहू. स्पेनच्या नैर्ऋत्येला देएसा नावाची जमीन आहे. उथळ, हलकी, आम्ल माती. उन्हाळा कोरडा ठणठणीत, पाऊस काय तो हिवाळ्याच्या बाजूला. आमच्या कृषिशास्त्राच्या पुस्तकांच्या भाषेत धान्याला नालायक, म्हणजे आपल्या मुरमाड बरडाची भावंडे. लोकांनी पिढ्यान्पिढ्या तिथे ओकची झाडे विरळ राखली आणि खाली गवत राखले. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत ओकची फळे गळतात. त्या हंगामात काळी इबेरियन डुकरे मोकळी सोडतात. कायदा सांगतो की या चराईवर डुकराचे वजन किमान ६० दिवसांत किमान ४६ किलो वाढले पाहिजे, आणि झाडी कितीही दाट असली तरी हेक्टरी सव्वा डुकरापेक्षा जास्त सोडायचे नाही. म्हणजे आपल्या मोजणीने दोन एकरांत एक डुक्कर. नालायक जमिनीतून देशातले सगळ्यात महाग मांस निघते ते असे.

महाग मांस ऐकून कोणी हुरळून जाऊ नये. देएसाची जमीन बहुतेक मोठ्या जमीनदारांची. १९३६ च्या मार्चमध्ये याच एस्त्रेमादुरात हजारो भूमिहीन औतकऱ्यांनी जमीनदारांच्या शेतांत औते घातली होती. पुढे यादवी युद्ध झाले आणि जमिनी धन्याकडे परत गेल्या. तेव्हा तिकडे नंदनवन आहे असे आम्ही म्हणत नाही.

वेळेचा हिशेब मात्र पाहण्यासारखा आहे. ओकच्या फळांवर पोसलेले डुक्कर कापण्याच्या वेळी किमान १४ महिन्यांचे हवे. मग मांडी मिठात, साधारण किलोला एक दिवस. मग धुणे, थंडीत ठेवणे, मग खिडक्या उघड-बंद करून वारा देत वाळवणे, आणि शेवटी तळघरात टांगून ठेवणे. सात किलो आणि त्यावरच्या इबेरियन मांडीला कायद्याने किमान ७३० दिवस लागतात. नामांकित घराणी तीन वर्षे, त्याहूनही जास्त टांगतात. तेवढ्यात तिचे वजन जवळजवळ एक तृतीयांशाने घटते. हाड, खूर, पिवळी पडलेली चरबी काढली की खाण्याजोगे राहते ते उरलेल्याच्या निम्म्याच्या आसपास. पिलू जन्मल्यापासून चकती काउंटरवर यायला चार-पाच वर्षे. उत्तम प्रतीची एक मांडी साधारण चारशे-पाचशे युरोला जाते. छताला पन्नास मांड्या टांगल्या म्हणजे वीस-पंचवीस हजार युरो वर लटकत आहेत आणि खाली कुटुंब दुकान झाडते आहे.

या थांबण्याचा पैसा कोणाला मिळतो? इथेच आपली गाठ पडते. डुकरे पाळणाऱ्याला मिळत नाही. फेब्रुवारीत ओकची फळे संपतात. त्यानंतर जनावर ठेवले तर दाणा विकत घालावा लागतो आणि प्रतही जाते. त्याला विकावेच लागते, आणि भाव ठरतो आरोबावर. आरोबा म्हणजे साडेअकरा किलोचे त्यांचे जुने माप, आपल्या मणासारखे. पाळणाऱ्याची अवस्था फरदडीच्या तोंडावर कापूस घेऊन उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यासारखीच. पैसा मिळतो तो गिहुएलोच्या थंड पठारावर किंवा हाबुगोच्या डोंगरात ज्याच्याकडे वाळवायची खोली, मीठ आणि तीन वर्षे दम धरायची ऐपत आहे त्याला, आणि त्याच्यामागून दुकानदाराला.

पण तिथल्या काही कुटुंबांनी या साखळीत मधली एक कडी शोधली. तिला ते माकिला म्हणतात. डुक्कर आपले, मांडी आपली. खारवणारा-वाळवणारा फक्त त्याची मजुरी घेतो. मालकी सुटत नाही. दोन-तीन वर्षांनी मांडी स्वतःच्या नावाने घरच्या दुकानात येते. मधल्या काळात कर्ज लागतेच. त्यासाठी १९५४ पासून तिथे कायदा आहे, ज्याने जनावर, पीक किंवा कोठारातला माल जागचा न हलवता तारण ठेवता येतो. कर्ज घेऊन थांबणे नेहमी फळते असेही नाही. २००८ पूर्वी बांधकामाच्या तेजीतला पैसा डुकरांच्या धंद्यात शिरला, वाटेल तितकी डुकरे झाली, आणि फुगा फुटल्यावर टांगलेल्या मांड्या मातीमोल विकाव्या लागल्या. कांद्यावाल्यांना हे समजावून सांगायला नको.

दुसरी गोष्ट ओळखीची. बरीच वर्षे तिथे वाटेल तो माल ‘काळ्या खुराचा’ म्हणून खपत होता. शेडमध्ये खुराकावर वाढवलेल्या डुकराच्या पाकिटावर ओकचे झाड छापायचे, की झाले! २०१४ च्या जानेवारीत सरकारने चार रंग ठरवले. शुद्ध जातीचे आणि ओकच्या फळांवरचे ते काळी पट्टी. संकरित पण ओकच्या फळांवरचे ते लाल. दाणा आणि चराई मिळून वाढवलेले ते हिरवी. शेडमधले ते पांढरी. पट्टी कत्तलखान्यातच अडकवायची, काढता येऊ नये अशी. ओकच्या फळाचे चित्र फक्त पहिल्या दोघांना. यातही पळवाट राहिलीच. निम्म्या रक्ताच्या डुकरालाही इबेरियन म्हणता येते, आणि निम्म्याहून जास्त माल अजून पांढऱ्या पट्टीचाच आहे. तरी छोट्या दुकानदाराला पट्टीने मोठा आधार दिला. नाताळात मोठी दुकाने तोटा खाऊन स्वस्त मांड्या विकतात, तेव्हा तो गिऱ्हाइकाला रंग दाखवून सांगू शकतो की ही ती नव्हे.

आपल्याकडे मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आनंद आहे. त्या शिक्क्याचे पोते तुमच्यापैकी किती जणांनी विकले, हात वर करा. आणि दोष सगळा बाहेरचा नाही. पहिल्या वेचणीचा पांढराशुभ्र कापूस आणि शेवटची कवडी एकाच गाडीत कोण भरतो? वरून पाणी कोण शिंपडतो? व्यापारी सरसकट भाव पाडतो, कारण सरसकट माल आपणच नेतो. हे लिहिले म्हणून काही मंडळी रागावतील. रागवावे.

या धंद्याला धोके आहेत, तेही सांगितले पाहिजेत. आफ्रिकन स्वाइन फीव्हर स्पेनमध्ये १९६० साली शिरला. तो जायला १९९५ उजाडले. तोवर कित्येक देशांची दारे बंद होती. अमेरिकेने इबेरियन मांडी आत घेतली ती २००७ च्या अखेरीला. आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये बार्सिलोनाजवळ मेलेल्या रानडुकरांत तोच रोग पुन्हा सापडला. शेकडो मैलांवर, कळपात रोगाचा मागमूस नसताना, परदेशी गिऱ्हाइके हात आखडतात. दुसरा शत्रू मातीत आहे. ओकची झाडे मुळापासून वाळत चालली आहेत. फायटॉप्थोरा ही बुरशी त्यामागचे मोठे कारण. विदर्भातल्या संत्र्याचा डिंक्या ज्यामुळे होतो त्याच कुळातली. टांगलेला माल कर्जाने वाचवता येईल; शे-दीडशे वर्षांचा ओक कोणत्या कर्जाने उभा करणार?

आता आपल्या कामाचे. एक क्विंटल कापसातून साधारण तेहतीस-चौतीस किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. गावातल्या दहा जणांनी एका प्रतीचा कापूस वेगळा ठेवून मजुरीवर जिनिंग करून घेतला तर गाठीची आणि सरकीची मालकी त्यांचीच राहते. ज्वारीला पणन मंडळाची तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून आहे: मालाच्या किमतीच्या ठरावीक टक्क्यांपर्यंत, १८० दिवसांसाठी, ६ टक्के व्याजाने. ती चालवायची की नाही हे तुमच्या बाजार समितीवर आहे, आणि बाजार समितीवर कोण आहे हे तुम्हाला ठाऊक आहे.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन आकडे कागदावर लिहून आणावेत. गेल्या हंगामात वेचणीपासून महिन्याच्या आत किती क्विंटल कापूस विकला. त्यातला किती निव्वळ देणी भागवण्यासाठी विकला. आणि जवळच्या जिनिंगवाल्याने मजुरीवर काम करायला काय दर सांगितला. तिसरा आकडा विचारायला एकट्याने जाऊ नये, चौघांनी मिळून जावे. एकट्याला तो चहा पाजून परत पाठवतो.