पहिला प्रश्न आडनांवाचा

कोल्हापुरांत भाड्याची जागा शोधावयास निघालेल्या मनुष्यास पहिला प्रश्न कोणता विचारतात, हें वाचकांस सांगावयास नकोच. भाडें किती देणार, हा प्रश्न दुसरा, पहिला आडनांवाचा! गेल्या जूनमध्यें आमच्या महाविद्यालयांतील एका तरुण अध्यापकास राजारामपुरींत दोन खोल्या पसंत पडल्या. अनामत, पाण्याची वेळ, सर्व कांहीं ठरलें. आणि आडनांव कळतांच घरमालकांस एकाएकीं आठवलें कीं, जागा पुतण्यास देण्याचें कबूल केलें आहे. हा पुतण्या मोठा विलक्षण! तीन आठवड्यांत तीन निरनिराळ्या इमारतींत तोच आडवा आला. चौथ्या घरीं जातांना त्या तरुणानें आम्हांस बरोबर नेलें. मालकांनीं वडीलधारे म्हणून आधीं आम्हांसच आडनांव विचारलें, आणि तें ऐकतांच किल्ली पुढें आली. त्या क्षणीं आम्हांस खालीं पाहावें लागलें.

घरमालकांची बाजू आम्हांस ठाऊक नाहीं असें नाहीं. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याखालीं भाडीं गोठलीं, भाडेकरू पिढ्यान् पिढ्या हलेनात. तो धसका खोटा नव्हता. परंतु तो कायदा जाऊन ३१ मार्च २००० पासून १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा लागू झाला. मुदत संपूनही राहती जागा न सोडणाऱ्या परवानाधारकाकडून सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत ताबा घेण्याची आणि दुप्पट दरानें भरपाई वसूल करण्याची सोय त्याच्या २४ व्या कलमानें मालकांस करून दिली. मग भीति कसली उरली? भाडें काय आडनांवानें बुडतें?

अकरा महिन्यांच्या कागदाची गोष्ट याहून मौजेची. वर्षाच्या आंतील करार नोंदवावा लागत नाहीं, ही १९०८ च्या नोंदणी कायद्यावरून रूढ झालेली समजूत. आमच्या राज्यांत मात्र १९९९ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमान्वयें मुदत कितीही असो, करार लेखी व नोंदलेला हवा; ती जबाबदारी मालकाची; आणि कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. शिवाय नोंद नसल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींविषयीं भाडेकरूचेंच म्हणणें खरें धरलें जातें! बिननोंदीचा स्टँपपेपर कपाटांत जपणारे आमचे धूर्त मालक आपल्याच पायावर धोंडा पाडून घेत आहेत. आणि भाडेकरू बिचारा दर अकराव्या महिन्यास गाद्या-भांडीं टेम्पोंत घालून नवा पुतण्या शोधावयास निघतो.

आणि हें कोठें? परगांवच्या मुलांस जातीपायीं राहावयास जागा मिळेना, म्हणून जेथें शाहू छत्रपतींच्या आश्रयानें १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व १९०८ सालीं अस्पृश्य मुलांसाठीं मिस क्लार्क वसतिगृह निघालें, त्या शहरांत! पहिल्या मालकांच्या दिवाणखान्यांत महाराजांची तसबीर आहे, असें त्या तरुणानें मुद्दाम सांगितलें. चौथी जागा आमच्या नांवानें घ्यावी, अशी सूचना आम्हीं भीत भीत केली. त्यानें ती नम्रपणें नाकारली. आज तो एका वसतिगृहाच्या पाहुण्यांच्या खोलींत राहतो.